बोटाखालचं अक्षर

'मंद्रूप' हे गावाचं नाव लिहायला किती अक्षरं लागतात? देवनागरीत तीन : मं, द्रू आणि प. हेच नाव जाड कागदावर उंचवट्याच्या ठिपक्यांनी, बोटाने वाचता येईल असं लिहिलं, तर त्याला सात घरं लागतात. सातच का, हे समजून घ्यायला गणिताचा एक तास आणि मराठी व्याकरणाचा अर्धा तास पुरतो. शाळेत अंध मूल येतं, तेव्हा हा दीड तास फार कामाचा ठरतो.

मंद्रूप हे सोलापूरहून विजयपूरकडे जाणाऱ्या रस्त्यावरचं, दक्षिण सोलापूर तालुक्यातलं मोठं गाव. याच रस्त्याने पुढे जाऊन भीमा ओलांडली की कर्नाटक लागतं. समजा, अशा गावातल्या साध्या शाळेत पाचवीच्या वर्गात एक पूर्ण अंध मुलगी दाखल झाली. बाई तिला पहिल्या बाकावर बसवतात. मैत्रिणी धडे वाचून दाखवतात. कविता तिला सगळ्यांच्या आधी पाठ होतात. तोंडी परीक्षेत तिला चांगले गुण मिळतात. शाळा खूश, आईवडीलही खूश. या चित्रात चुकीचं काहीच दिसत नाही. फक्त या मुलीला वाचता येत नाही, लिहिता येत नाही, आणि ते यायला हवं होतं असं कोणाच्या मनातही आलेलं नाही.

'दिसतच नाही, तर वाचणार कशी? ऐकते आहे ना, मग झालं.' हे उत्तर आपण इतक्या सहज देतो की त्यातली अडचण लक्षात येत नाही. दिन आणि दीन, सुत आणि सूत, शिर आणि शीर हे शब्द भराभर बोलताना ऐका. कानाला फरक फारसा लागत नाही. तो फरक डोळ्याने शिकलेला असतो. शब्द कुठे तुटतो, परिच्छेद कुठे संपतो, अवतरणचिन्हं कुठे आहेत, हे ऐकणाऱ्याला कळत नाही. गणितात तर पंचाईतच होते. 'अ अधिक ब भागिले क' असं मोठ्याने म्हटलं, तर आधी बेरीज करून मग सगळ्याला भागायचं, की फक्त ब ला भागायचं? फळ्यावर एका आडव्या रेघेने जे सांगता येतं, ते आवाजात हरवतं. पुढे दहावीच्या परीक्षेत या मुलीला लेखनिक मिळेल, वेळही वाढवून मिळेल. पण लेखनिकाने लिहिलेलं बरोबर आहे की नाही, हे ती तपासणार कशी? डोळस मुलाला आपण आयुष्यभर फक्त ऐकवून शिकवलं आणि त्याला साक्षर म्हटलं, तर ते कोणालाही पटणार नाही. अंध मुलीच्या बाबतीत मात्र ते आपल्याला चालून जातं.

आता त्या घरांकडे वळू. एक घर म्हणजे सहा ठिपक्यांच्या जागा : दोन उभे स्तंभ, प्रत्येकात तीन. डाव्या स्तंभात वरून खाली १, २, ३ आणि उजव्या स्तंभात ४, ५, ६. प्रत्येक जागी ठिपका असेल किंवा नसेल. म्हणजे सहा वेळा दोन पर्याय, एकूण ६४ रचना. त्यातली पूर्ण रिकामी रचना दोन शब्दांमधली मोकळी जागा म्हणून वापरायची. उरल्या ६३. नववी-दहावीच्या मुलांना हे गणित आधी स्वतः करू द्यावं. 'मग आठ ठिपके घेतले तर?' हा प्रश्न त्यातून आपोआप येतो. संगणकाला जोडायच्या ब्रेल साधनांत आठ ठिपके खरोखरच असतात.

पण कागदावर सहाच का? याचं उत्तर गणितात नाही, बोटात आहे. एक साधा प्रयोग करून पाहा. कागद अडकवायच्या टाचणीची तार वाकवून तिची दोन बोथट टोकं शेजारी शेजारी आणा. मित्राला डोळे मिटायला सांगून ती टोकं अलगद त्याच्या हाताच्या त्वचेवर टेकवा आणि 'एक की दोन?' असं विचारा. कोपर आणि मनगट यांच्यामध्ये टोकांत दोन सेंटिमीटर अंतर असलं तरी बहुतेक जण 'एक' म्हणतात. तर्जनीच्या पेरावर मात्र दोन-अडीच मिलिमीटरचं अंतरही ओळखू येतं. या ठिकाणी त्वचेत स्पर्श टिपणारे चेतातंतू अतिशय दाट असतात आणि मेंदूतही या एवढ्याशा पेरासाठी मोठी जागा राखलेली असते. ब्रेलच्या एका घरातल्या दोन शेजारच्या ठिपक्यांतलं अंतर साधारण अडीच मिलिमीटर असतं आणि ठिपक्याची उंची सुमारे अर्धा मिलिमीटर. म्हणजे पेराला जेमतेम जमेल इतक्या बारीक मापावर ही लिपी बेतलेली आहे, आणि अख्खं घर एका पेराखाली मावतं.

हे माप एका मुलाने शोधलं. लुई ब्रेल यांचा जन्म १८०९ सालचा, पॅरिसजवळच्या कूव्रे गावातला. वडील खोगिरं आणि घोड्यांचं चामडी सामान करत. तिसऱ्या वर्षी त्यांच्या कामाची आरी लुईच्या डोळ्यात गेली, आणि पुढे दोन्ही डोळे गेले. पॅरिसच्या अंधशाळेत त्यांना शार्ल बार्बिए यांची १२ ठिपक्यांची लिपी पाहायला मिळाली. तिचं घर उभ्याने सहा ठिपक्यांचं होतं. ते एका पेराखाली मावत नसे. बोट वर-खाली फिरवावं लागे. शिवाय ती उच्चारावर बेतलेली होती, त्यामुळे तिच्यात शुद्धलेखन नव्हतं आणि विरामचिन्हंही नव्हती. पंधराव्या वर्षापर्यंत लुईने घर निम्मं करून लिपीचा सांगाडा तयार केला आणि १८२९ साली ती छापून प्रसिद्ध झाली. डोळस माणसांनी अंधांसाठी केलेल्या बऱ्याच लिप्या डोळ्यांना छान दिसत, बोटाला लागत नसत. ज्याला वाचायचं आहे त्यानेच ही लिपी बनवली म्हणून ती टिकली, असं मला वाटतं.

बोट ठिपक्यावर स्थिर ठेवलं तर अक्षर नीट कळत नाही. ते ओळीवरून डावीकडून उजवीकडे, हलकेच सरकत राहावं लागतं. दाबून वाचणारं मूल सहसा हळू वाचतं. अंध माणसांचं बोट जन्मतःच तल्लख असतं, हा समज मात्र सोडून द्यावा. ते सरावाने तल्लख होतं. मेंदूही या सरावात बदलतो. नोरिहिरो सादातो आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९६ साली दाखवून दिलं, की लहानपणीच दृष्टी गेलेली माणसं ब्रेल वाचतात, तेव्हा त्यांच्या मेंदूचा मागचा, एरवी पाहण्याचं काम करणारा भाग कामाला लागलेला असतो. जन्मापासून अंध असलेल्या एका बाईंच्या मेंदूच्या नेमक्या याच भागाला, दोन्ही बाजूंना, पक्षाघाताने इजा झाली. त्यानंतर बोटाला ठिपके लागत होते, पण त्यांना ब्रेल वाचता येईना. ही नोंद २००० साली प्रसिद्ध झाली. म्हणजे वाचनाचं यंत्र मेंदूत बसवावं लागतं आणि ते लहानपणीच चांगलं बसतं. पाचवीतल्या मुलीला 'पुढे बघू' म्हणताना आपण नेमका हाच काळ घालवत असतो.

मराठी यात कशी बसली? भारतात एकेकाळी निरनिराळ्या भाषांसाठी आणि शाळांसाठी वेगवेगळे संकेत होते. एका शाळेतल्या मुलाला दुसऱ्या शाळेतलं पुस्तक वाचता येत नसे. स्वातंत्र्यानंतर भारत सरकारने हा प्रश्न युनेस्कोपुढे नेला. १९५१ साली बैरूतला परिषद झाली आणि त्याच वर्षी 'भारती ब्रेल' ठरली. तत्त्व असं, की भारतीय अक्षराला शक्यतो त्याच उच्चाराच्या रोमन अक्षराचे ठिपके द्यायचे. म्हणून 'म' म्हणजे इंग्रजी 'एम'चे ठिपके १-३-४, 'प' म्हणजे 'पी'चे १-२-३-४. रोमनमध्ये नसलेल्या ख, घ, ळ यांसारख्या अक्षरांना उरलेल्या रचना मिळाल्या. यात आपल्या वर्णमालेची कंठ्य, तालव्य, मूर्धन्य अशी देखणी मांडणी ठिपक्यांत उतरली नाही, याची मला थोडी रुखरुख वाटते. पण मुलाला मराठी आणि इंग्रजी एकाच ओझ्यात शिकता येतं, हा फायदा मोठा आहे. 'सोलापूर' हा शब्द मराठीत आणि इंग्रजीत लिहून ताडून पाहा. सातपैकी पाच घरं जशीच्या तशी असतात, फक्त आ आणि ऊ यांची वेगळी.

आता 'मंद्रूप' लिहू. पहिलं घर म : १-३-४. दुसरं अनुस्वाराचं : ५-६. तिसऱ्या घरात एकटा ४ हा ठिपका. ही पाय मोडल्याची खूण. देवनागरीत आपण पाय मोडल्याचं चिन्ह अक्षराखाली देतो. ब्रेलमध्ये ते अक्षराच्या आधी येतं. बोट एका वेळी एकच घर वाचतं, तेव्हा पुढचं अक्षर अर्धं आहे हे आधीच कळलेलं बरं. चौथं घर द : १-४-५. पाचवं र : १-२-३-५. सहावं ऊ : १-२-५-६. सातवं प : १-२-३-४. संपलं. रफार, पायाखालचा र, 'द्र'चा निराळा आकार, यातलं काहीच नाही. जोडाक्षर म्हणजे केवळ क्रम.

स्वरांचीही गंमत आहे. 'ऊ' हे सुटं अक्षर आणि दीर्घ उकार यांना एकच घर. ऱ्हस्व वेलांटी छापील मजकुरात अक्षराच्या डावीकडे बसते, ब्रेलमध्ये उच्चाराप्रमाणे नंतर येते : 'किती' म्हणजे क, इ, त, ई. मग 'मू' आणि 'मऊ' यांत फरक कसा करायचा? 'मऊ' लिहिताना मध्ये 'अ'चं घर (नुसता ठिपका १) घालायचं. बारावा वर्ग शिकलेल्या कित्येकांना 'म'मध्ये 'अ' दडलेला आहे हे कधी जाणवलेलं नसतं. ब्रेल शिकणाऱ्या मुलाला ते दुसऱ्या आठवड्यात कळतं. काही ठिकाणी मात्र तडजोड करावी लागली आहे. 'ण'चे ठिपके (३-४-५-६) आणि 'यापुढे अंक आहेत' असं सांगणारी खूण ही दोन्ही एकच आहेत. मराठी शब्द 'ण'ने सुरू होत नाही, म्हणून निभावतं.

मंद्रूपच्या बाजूला या लिपीचा आणखी एक उपयोग आहे. या भागात मराठी आणि कन्नड शेजारी शेजारी नांदतात. एका भाषेत घर चालतं आणि दुसरीत शाळा, असं कित्येक मुलांचं असतं. सोलापूर शहरात तेलुगू आणि उर्दूही आहेतच. डोळस मुलाला यातली प्रत्येक लिपी नव्याने गिरवावी लागते. ब्रेल वाचणाऱ्या मुलीला तसं करावं लागत नाही. कन्नडमध्ये दुधाला 'हालु' म्हणतात. त्याची ह, आ, ल, उ ही चारही घरं मराठीचीच आहेत. कन्नडमध्ये ए आणि ओ यांचे ऱ्हस्व प्रकार जादा आहेत, त्यांची दोन घरं नवी शिकायची. उर्दूची छापील ओळ उजवीकडून सुरू होते, ब्रेलमध्ये मात्र तीही डावीकडूनच. चार लिप्यांच्या या जिल्ह्यात ही एकच लिपी सगळ्या भाषांना जवळजवळ सारखी पुरते, आणि ती येणारी माणसं मोजकी असतात.

याच तालुक्यात, भीमा आणि सीना यांच्या संगमावर, हत्तरसंग-कुडल इथे संगमेश्वराचं देऊळ आहे. तिथल्या तुळईवर शके ९४० चा, म्हणजे इसवी सन १०१८ चा शिलालेख आहे. मराठीतल्या सर्वांत जुन्या लेखांत त्याची गणना होते. जो हे वाचेल तो विजयी होईल, अशा अर्थाची त्याची मराठी ओळ आहे. शाळेची सहल तिथे जातच असेल. कोरीव अक्षर बोटालाही लागतं, हे मुलांना सांगायची ती चांगली जागा आहे. (जुन्या लेखावर प्रत्यक्ष हात मात्र फिरवू नये, दगड झिजतो. घरी साबणाच्या वडीवर अक्षरं कोरून पाहावीत. देवनागरी अक्षर बोटाने ओळखणं किती जड जातं, हे त्यातून कळेल आणि ठिपक्यांची गरजही पटेल.)

आता हक्काचं बोलू. १९९५ साली संसदेने अपंग व्यक्तींसाठी पहिला व्यापक कायदा केला. भारताने २००७ साली संयुक्त राष्ट्रांच्या करारनाम्याला मान्यता दिली. त्याच्या शिक्षणावरच्या २४व्या कलमात ब्रेल शिकणं सुकर करण्याची जबाबदारी सरकारांवर टाकली आहे. त्यानंतर 'दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम २०१६' आला आणि एप्रिल २०१७ पासून तो लागू झाला. त्यात सात ऐवजी २१ प्रकारची अपंगत्वं आहेत. ४० टक्के किंवा अधिक अपंगत्व असलेल्या ६ ते १८ वर्षांच्या मुलाला जवळच्या शाळेत किंवा त्याच्या पसंतीच्या विशेष शाळेत मोफत शिक्षण मिळालं पाहिजे, असं ३१वं कलम सांगतं. १६व्या कलमानुसार अंध किंवा कर्णबधिर मुलाला त्याला योग्य अशा भाषेत आणि साधनांनी शिकवलं पाहिजे. १७व्या कलमात ब्रेल जाणणारे शिक्षक नेमणं आणि अशा मुलांना १८ वर्षांपर्यंत पुस्तकं व साधनं मोफत देणं, हे दोन्ही आहे. २०२१ साली सर्वोच्च न्यायालयाने साध्या शाळांतही विशेष शिक्षक हवेत असं सांगून प्राथमिकला १० मुलांमागे एक आणि पुढच्या वर्गांना १५ मुलांमागे एक असं प्रमाण ठरवून दिलं.

म्हणजे आपल्या त्या पाचवीतल्या मुलीला ब्रेल शिकवणं हा शाळेचा दयाळूपणा नाही. तिचं येणं आहे ते. वर्षाच्या सुरुवातीला गटसाधन केंद्राकडे ब्रेल पुस्तकांची आणि पाटीची लेखी मागणी करावी आणि तिची पोच जपून ठेवावी. पुस्तकं उशिरा आली की मूल सहामाही तसंच काढतं, म्हणून घाई. पुस्तकं जाडजूड असतात. एका छापील पानाची दोन-तीन ब्रेल पानं सहज होतात, तेव्हा ती ठेवायला शाळेत फळी लागेल. कोणी हक्कभंगाची शंका काढली, तर २०१२ च्या दुरुस्तीनंतर आपला कॉपीराइट कायदा अपंग वाचकांसाठी अशा प्रती करायला परवानगी देतो. यासाठीचा जो आंतरराष्ट्रीय मराकेश करार आहे, त्याला मान्यता देणारा भारत २०१४ साली पहिला देश ठरला.

पण तालुक्याचे विशेष शिक्षक अनेक शाळांत फिरतात आणि एका शाळेच्या वाट्याला थोडाच वेळ येतो. उरलेल्या दिवशी काय? इथे नेहमीच्या शिक्षकांना एक मोठी सवलत आहे : त्यांना ब्रेल बोटाने वाचायची गरज नाही. ठिपके डोळ्यांना दिसतात. रोज अर्धा तास दिला तर मराठीची सगळी घरं दोन-तीन आठवड्यांत डोळ्याने वाचता येऊ लागतात. तेवढ्यावर वही तपासता येते. पुठ्ठ्याच्या अंड्यांच्या ट्रेमधून सहा खळग्यांचा तुकडा कापा, त्यात गोट्या ठेवा : हे झालं मोठं घर. यावर सगळ्या वर्गाने आपापलं नाव लिहायचं. मग ब्रेल पाटी. तिच्यात जाड कागद अडकवून टोचणीने ठिपके पाडतात. ठिपके उलट्या बाजूला उठतात, म्हणून लिहायचं उजवीकडून डावीकडे, आरशातल्यासारखं. कागद उलटून वाचायचं डावीकडून. मुलांना हा प्रकार गुप्त लिपीसारखा वाटतो आणि शेजारच्या बाकावरची दोघं-तिघं तरी तो हमखास शिकतात. मग चिठ्ठ्या सुरू होतात. ज्या मुलीला आजवर सगळे वाचून दाखवत होते, तिला कोणीतरी चिठ्ठी लिहिणं आणि तिने ती बाईंच्या नकळत वाचणं, याला मी शाळेतल्या समावेशाची चांगली खूण मानतो.

गणितासाठी अब्राहम नेमेथ या अंध गणितज्ञांनी केलेली वेगळी ब्रेल पद्धत आपल्याकडे वापरतात. अपूर्णांक, घात, कंस सगळं तिच्यात आहे. ती विशेष शिक्षकांकडूनच शिकावी. आणखी एक गोष्ट : दृष्टी कमी असलेल्या प्रत्येक मुलाला ब्रेल लागत नाही. ज्याला ठळक, मोठ्या टाइपात वाचता येतं, त्याच्यासाठी मोठ्या अक्षरांचं पुस्तक आणि खिडकीजवळची जागा योग्य. आधी नेत्रतज्ज्ञाकडून तपासणी करून घ्यावी.

'आता मोबाइल बोलतो, ब्रेल कशाला?' हे आजकाल नेहमी ऐकू येतं. बोलणारा मोबाइल उत्तमच आहे, तो मुलीच्या हातात जरूर द्यावा. पण मोबाइल ऐकवतो, वाचवत नाही. डोळस मुलांसाठीही मोबाइल बोलतो. म्हणून आपण त्यांना बाराखडी शिकवायचं थांबवलेलं नाही. वाचायला काही असेल तर लोक वाचतात, हेही दिसून आलं आहे. फेब्रुवारी २००८ मध्ये स्वागत थोरात या डोळस पत्रकाराने मुंबईहून 'स्पर्शज्ञान' हे मराठी ब्रेल पाक्षिक सुरू केलं. पाठ्यपुस्तकाबाहेरच्या बातम्या आणि लेख स्वतःच्या बोटांनी वाचणं ही त्याच्या अनेक वाचकांसाठी नवी गोष्ट होती.

ही मुलगी आठ वर्षांनी अठराची होईल आणि मतदान केंद्रावर जाईल. मतदान यंत्रावर प्रत्येक उमेदवाराच्या बटणाजवळ त्याचा क्रमांक ब्रेलमध्ये उठवलेला असतो. उमेदवारांची नावं असलेला ब्रेल कागद केंद्राध्यक्षांकडे मागता येतो. तो वाचून क्रमांक लक्षात ठेवायचा आणि यंत्रावर तोच क्रमांक बोटाने शोधायचा. ब्रेल येत नसेल तर सोबत माणूस न्यायची मुभा नियमात आहे, पण मग मत कोणाला दिलं हे त्या माणसाला कळतंच. अंकांची घरं दहाच आहेत : १ म्हणजे नुसता पहिला ठिपका, २ म्हणजे १-२, ३ म्हणजे १-४, ४ म्हणजे १-४-५, ५ म्हणजे १-५, ६ म्हणजे १-२-४, ७ म्हणजे १-२-४-५, ८ म्हणजे १-२-५, ९ म्हणजे २-४ आणि शून्य म्हणजे २-४-५. प्रत्येक संख्येच्या आधी ती 'ण'सारखी खूण.